पहिली-दुसरीच्या वर्गात ईद कशी सांगायची

रमजान जवळ आला की शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, "पहिली-दुसरीसाठी ईदचं काही आहे का कोणाकडे," आणि मग कोणीतरी नेटवरून काढलेली पीडीएफ टाकतं. त्यात काय असतं, तर वाळवंट, दोन उंट, खजुराचं झाड, एक नक्षीदार कंदील आणि खाली "रंग भरा". आता सांगा, नागपुरात ईदला उंट कुठून आला? तो कंदील इजिप्तकडचा आहे, तिकडे रमजानमध्ये खरंच लावतात, पण आपल्या मोमिनपुऱ्यात रमजानच्या संध्याकाळी चक्कर मारून बघा, तिथे भजी तळणं चालू असतं, फळांच्या गाड्या, खजुराचे खोके, शेवयांचे ढीग, आणि रात्री उशिरापर्यंत खाणाऱ्यांची ही गर्दी, त्यात रोजा न ठेवणारे, नुसते खायला म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाहून आलेलेही भरपूर. पोट्ट्यांनी उंटात रंग भरला की डोक्यात बसतं की मुसलमान म्हणजे कुठेतरी लांब वाळूत राहणारे लोक, आणि मग बाजूच्या बाकावरची मैत्रीण, शाळेच्या व्हॅनचे काका, डोळ्यांचे डॉक्टर, यांचा त्या चित्राशी काही संबंधच लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की लहान मुलांना ईद सांगायची तर नागपुरातून सुरू करा, आणि थोडं सांगितलं तरी चालेल पण बरोबर सांगा. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना (नव्या शैक्षणिक धोरणात यालाच पायाभूत स्तर म्हणतात, म्हणजे बालवाडी ते दुसरी) धर्माचं तत्त्वज्ञान कळत नाही, कोणत्याच धर्माचं नाही कळत, पण चंद्र कळतो, भूक कळते, वाटून खाणं कळतं, नवे कपडे तर फारच कळतात.

आधी ती नेहमीची भीती काढून टाकू, शाळेत धर्माचं बोललेलं चालतं का. राज्यघटनेचं २८ वं कलम सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणाला प्रार्थना-पूजेला किंवा धार्मिक शिक्षणाला बसवायचं तर त्याची मर्जी पाहिजे, मूल लहान असेल तर पालकांची. पण धर्मांविषयी माहिती देणं म्हणजे धार्मिक शिक्षण नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सांगितलेलं आहे. आपल्या कामाच्या भाषेत सांगायचं तर "मुस्लिम लोक रमजानमध्ये रोजा ठेवतात" हे सांगा बिनधास्त, पण "चला आज आपण सगळे अर्धा दिवस रोजा ठेवू" किंवा "चला नमाज कशी पढतात ते करून बघू" हे नको. सांगणं वेगळं, करायला लावणं वेगळं. हीच पट्टी बाकी सगळ्या सणांना लावा, मग कोणी बोट दाखवायला जागा राहत नाही. आणि हो, टोप्या घालून फॅन्सी ड्रेसही मला पटत नाही. जो मुलगा शुक्रवारी खरंच टोपी घालतो त्याच्या घरच्या रोजच्या वस्तूचा आपण स्टेजवरचा पोशाख करतो, आणि वर टाळ्या वाजवतो.

आता मजेचा भाग, चंद्र

मुलं सगळ्यात आधी हेच विचारतात, "मॅडम, ईद दरवर्षी येगळ्या महिन्यात काहून येते?" आणि इथे बरेच शिक्षक "त्यांचं कॅलेंडर वेगळं असतं" म्हणून पुढे जातात. थांबा ना इथे, कारण हे समजावायला लागणारं सगळं सामान मराठी घरात भिंतीवर टांगलेलं आहे.

चंद्राचा एक महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून इस्लामी महिना कधी २९ चा तर कधी ३० चा. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात, सूर्याचं वर्ष मात्र ३६५ चं, म्हणजे दरवर्षी अकरा दिवसांची तूट. ही तूट आपल्या पंचांगातही पडते, कारण आपले चैत्र-वैशाख सुद्धा चंद्राचेच महिने आहेत, पण आपण काय करतो, तर साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालतो, धोंड्याचा महिना, जावयाला अनारसे मिळतात तो, आणि हिशोब परत जागेवर आणतो, म्हणून दिवाळी पुढेमागे होते पण ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही. इस्लामी कालगणनेत असा जास्तीचा महिना घालत नाहीत. ती तूट तशीच साचत जाते, ईद दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते, आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २००१ मध्ये रमजान ईद डिसेंबरात आली होती, स्वेटर घालून ईदगाहला जायची ईद, आणि २०१९ मध्ये ती आली ५ जूनला, म्हणजे जवळजवळ अख्खा रमजान मे महिन्यात, आणि तोही नागपूरच्या मे महिन्यात, जिथे दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही.

इथपर्यंत दुसरीच्या मुलांना सहज कळतं. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी पुढची गंमत आहे, आणि खरं सांगू का, बऱ्याच मोठ्यांनाही ती माहीत नसते.

अमावस्या झाल्यावर चंद्राची पहिली बारीक कोर दिसली की इस्लामी महिना सुरू होतो. ती कोर आपल्या तिथीने बहुतेक वेळा प्रतिपदेच्या किंवा द्वितीयेच्या संध्याकाळी दिसते. म्हणजे रमजान ईद, जी शव्वाल महिन्याची पहिली तारीख असते, ती आपल्या पंचांगात शुद्ध द्वितीया-तृतीयेच्याच आसपास पडणार, महिना कोणताही असो. २०२३ मध्ये ती आली २२ एप्रिलला, अक्षय तृतीयेच्याच दिवशी. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ ला. २०२५ मध्ये तर पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ ला, सकाळी गुढी उभारली आणि संध्याकाळी लोक चंद्र बघायला गच्चीवर. त्याच हिशोबाने बकरी ईद जिलहिज महिन्याच्या १० तारखेला असते म्हणजे ती आपल्या एकादशी-द्वादशीजवळ येते, आणि ईद-ए-मिलाद रबी-उल-अव्वलच्या १२ तारखेला म्हणजे त्रयोदशी-चतुर्दशीजवळ. २०२३ मध्ये म्हणूनच आषाढी एकादशी आणि बकरी ईद दोन्ही २९ जूनला आल्या, आणि अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला. तेव्हा टीव्हीवर "योगायोग, योगायोग" चाललं होतं. तिथी जवळ येणं हा काही योगायोग नाही, ते ठरलेलं आहे. फक्त कोणत्या वर्षी कोणता महिना कोणत्या महिन्यासमोर येतो तेवढं फिरत राहतं, आणि एक धोंडा पडला की ती जोडी एका घराने सरकते.

त्या वर्षी पुढे काय झालं तेही मोठ्या मुलांना सांगण्यासारखं आहे. कुर्बानी तीन दिवसांत कधीही करता येते, म्हणून राज्यात बऱ्याच ठिकाणी मुस्लिमांनी आषाढीच्या दिवशी ती न करता दुसऱ्या दिवशी करायचं ठरवलं, आणि गणपती विसर्जनाच्या दिवशी गर्दी एकावर एक नको म्हणून मिलादच्या मिरवणुका दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबरला काढायचं ठरलं, सरकारने सुट्टीही त्या दिवशी दिली. यावर भाषण देऊ नका. नुसतं सांगा काय झालं ते.

वर्गात करायला सोपं आहे. एका कागदावर पंधरा गोल काढून द्या, अमावस्येनंतर रोज संध्याकाळी घरच्यांसोबत चंद्र बघायचा आणि दिसला तसा काढायचा, नाही दिसला तर रिकामा गोल ठेवायचा. पहिली कोर बघायला सूर्य मावळल्यावर लगेच पश्चिमेकडे बघावं लागतं, ती अर्ध्या-पाऊण तासात मावळूनही जाते, म्हणून जे पालक फुटाळा तलावावर सूर्यास्त बघायला जातात त्यांना सांगा की थोडं थांबून चंद्र पण दाखवा. ज्या घरी संकष्टी असते तिथल्या मुलांना वाटतं चंद्र रात्री उशिराच उगवतो आणि आजी तोपर्यंत उपाशी, त्यांना हा संध्याकाळचा घाईचा चंद्र नवीन असतो. कॅलेंडरवर "चंद्रदर्शन" असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते शोधायला लावा. मराठी पंचांगात "शव्वाल मासारंभ" वगैरेही असतं, आपणच कधी वाचत नाही.

दोन प्रश्न येतातच. एक, "माझा मामा दुबईला आहे, तिथे काल ईद झाली, इथे आज कशी?" तर पश्चिमेकडे सूर्य आपल्यानंतर मावळतो, तोपर्यंत चंद्र थोडा मोठा झालेला असतो, आणि प्रत्येक देश चंद्र दिसल्याचं आपापल्या पद्धतीने ठरवतो. दुसरा, वर्गात बोहरा मूल असेल तर ते सांगतं की आमची ईद आधीच झाली. दाऊदी बोहरा समाजाचं कॅलेंडर आकडेमोडीने आधीच ठरलेलं असतं, चंद्र दिसायची वाट बघत नाहीत, त्यामुळे त्यांची ईद बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधी येते. इतवारीकडच्या शाळांना हे नवीन नाही. दोघांचंही बरोबर आहे असं सांगून मोकळं व्हायचं, खरी ईद कोणती हा वाद पहिलीच्या वर्गात सोडवायचा नसतो.

रोजा, फितरा आणि ईदी

रोजा म्हणजे पहाट फटफटण्याआधी खाऊन घ्यायचं (ती सहरी), मग सूर्य मावळेपर्यंत खायचं नाही, प्यायचं नाही, आणि मग इफ्तार, बरेच जण खजूर खाऊन रोजा सोडतात. "पाणी पण नाही प्याचं?" हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो, आणि उत्तर आहे हो, पाणी पण नाही. पण त्याच दमात हेही सांगा की लहान मुलांवर रोजा बंधनकारक नाही, आजारी माणूस, प्रवासी, गरोदर बाई, खूप म्हातारी माणसं यांनाही सूट आहे. हे राहून गेलं ना तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी डबा खाणाऱ्या मुस्लिम मुलाला विचारतं, "तू रोजा नाही ठेवला? मग तू खरा मुसलमान नाहीस." सात-आठ वर्षांची काही मुलं हौसेने एखादा रोजा ठेवतातही, पहिल्या रोजाचं घरी कौतुक होतं, नवे कपडे, हार, पाहुणे, रोजा कुशाई म्हणतात त्याला. असं मूल वर्गात असेल तर त्याला त्या दिवशी पीटीच्या तासाला उन्हात पळवू नका, डब्याच्या सुट्टीत लायब्ररीत बसू द्या, आणि चक्कर आली तर रोजा-बिजा न बघता पाणी द्या आणि घरी फोन लावा, घरचेही तेच म्हणतील.

मला स्वतःला ईदच्या सगळ्या गोष्टींत मुलांना सांगायला फितरा आवडतो. ईदच्या नमाजच्या आधी, ज्याची ऐपत आहे त्या प्रत्येक घराने माणशी ठरावीक धान्य, आपल्याकडे साधारण दोन किलोच्या आसपास गहू धरतात, किंवा तेवढ्या गव्हाचे पैसे गरिबांना द्यायचे. माणशी म्हणजे घरातल्या तान्ह्या बाळाचेही. का, तर ईदच्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटली नाही असं व्हायला नको. जकात यापेक्षा वेगळी, ती वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशाच्या अडीच टक्के, पण टक्केवारी लहान मुलांना झेपत नाही, ते पाचवीसाठी ठेवा. फितऱ्याचं गणित मात्र दुसरीत मस्त होतं: घरात पाच माणसं, माणशी दोन किलो, किती गहू? पोट्टे स्वतःच्या घरातली माणसं मोजायला लागतात, आजीला धरायचं का, पोटातल्या बाळाला धरायचं का, आणि गणिताचा तास तिथेच निघून जातो.

ईदी समजावणं नागपुरात तर एकदमच सोपं. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी गेलं की बोजारा मिळतो ना, तसं ईदला मोठ्यांना सलाम केला की लहानांना ईदी मिळते. पण अशा तुलनेला एका पायरीवर थांबवायचं. "ईद म्हणजे मुसलमानांची दिवाळी" हे वाक्य फार चालतं, आणि ते ऐकलं की मुलं लगेच विचारतात मग त्यांचे फटाके कुठे, आकाशकंदील कुठे, आणि आपण अडकतो. ईद ईद आहे. महिनाभराचे रोजे संपल्याचा आनंद, सकाळी ईदगाहवर किंवा मशिदीत नमाज, गळाभेट, शीरखुर्मा, नातेवाइकांकडे जाणं, इतकं सांगितलं की पुष्कळ झालं.

शीरखुर्मा वर्गात आणायचा का? दूध, शेवया, खारीक, काजू-बदाम, चारोळी, यात न चालण्यासारखं काही नाही, पण ईद पाडव्याजवळ आली तर ते चैत्र नवरात्राचे दिवस असतात आणि काही घरी बाहेरचं खात नाहीत, एखाद्याला दुधाची किंवा काजूची अ‍ॅलर्जी असते, म्हणून आदल्या दिवशी ग्रुपवर टाका आणि चव घ्यायची सक्ती नको. नाही खाल्लं तर नाही खाल्लं. फक्त "ई, मी नाही खात यांच्या घरचं" असं कोणी म्हणालं तर तिथे लगेच, शांतपणे, सगळ्यांसमोर थांबवायचं. आपल्या डब्याला कोणी "ई" म्हणायचं नाही, कोणाच्याच डब्याला नाही, मग तो बोंबील असो की कारल्याची भाजी.

बकरी ईद, जिला सगळे टाळतात

रमजान ईद सांगतात, बकरी ईद गाळतात. शाळाही उन्हाळ्याच्या सुट्टीत असते म्हणून हल्ली काही वर्षं सुटका झालीये, २०२४ ला १७ जून, २०२५ ला ७ जून, विदर्भातल्या शाळा उघडतात त्याच सुमारास किंवा त्याआधीच. पण मुलं सुट्टीतही कॉलनीत असतात ना, बकरे बघतात, प्रश्न पडतातच.

गोष्ट अशी की इब्राहिम पैगंबरांना अल्लाहसाठी आपली सगळ्यात प्रिय गोष्ट द्यायला सांगितलं गेलं, ते स्वतःच्या मुलाला द्यायला निघाले, मुस्लिम परंपरेत हा मुलगा इस्माईल, पण अल्लाहने मुलाला वाचवलं आणि त्याच्या जागी मेंढा आला. आता बालवाडीत ही गोष्ट पूर्ण सांगू नका असं माझं मत आहे, चार वर्षांचं मूल फक्त "बाबा मुलाला देणार होते" एवढंच धरून बसतं आणि रात्री रडतं. तिथे इतकंच पुरे की या ईदला लोक कुर्बानी करतात, मटणाचे तीन वाटे करतात, एक घरी, एक नातेवाईक-मित्रांना, एक गरिबांना. दुसरीनंतर गोष्ट सांगा, आणि शेवट ठासून सांगा की मुलगा वाचला. कुर्बानीचे फोटो किंवा व्हिडिओ वर्गात अजिबात नको, मोबाईलवर कोणी दाखवत असेल तर तेही नको.

"बकऱ्याला मारणं वाईट ना मॅडम?" असं कोणी विचारलं तर उत्तर प्रामाणिक द्या, की काही लोक मांस खातात, काही खात नाहीत, दोघंही आपल्या वर्गात आहेत. हे शहर सावजीचं आहे राजेहो, रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांगा लागतात, देवीला बोकड कबूल करणारी घरंही विदर्भात काही कमी नाहीत, आणि त्याच घरातलं पोट्टं बकरी ईदला तोंड वाकडं करतं, ते त्याने कुठून उचललं हे आपल्याला कळतंच. आणि एक आठवण ठेवा, ज्या घरी बकरा काही आठवडे पाळलेला असतो तिथल्या मुलाचा त्याच्यावर जीव बसलेला असतो. तो उदास असेल तर त्याला वर्गासमोर उभं करून "सांग बरं तुमच्याकडे काय झालं" करू नका.

याच दिवसांत हज असते, मक्केला, काबा, पांढरे कपडे, जगभरातली माणसं एका जागी. नागपूरहून हजला विमानं जातात, कोणाचे आजी-आजोबा जाऊन आले असतील तर ते खजूर आणि जमजमचं पाणी आणतात, नकाशावर नागपूर ते मक्का रेघ ओढायला मुलांना फार आवडतं.

मोहरम, मिलाद आणि ताजबाग

मोहरम इस्लामी वर्षाचा पहिला महिना, पण "हॅपी मोहरम" लिहून स्टेटस टाकू नका, फळ्यावर तर नकोच. पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांच्या सोबतचे लोक इसवी सन ६८० मध्ये करबलाला मारले गेले, त्यांना पाणीही मिळू दिलं नव्हतं, त्याची आठवण दहाव्या दिवशी, आशुऱ्याला असते. शिया लोक शोक करतात, बरेच सुन्नी रोजा ठेवतात, रस्त्यावर सरबत-पाणी वाटतात. विदर्भातल्या गावांमध्ये ताजिये आणि सवाऱ्या निघतात आणि त्यात हिंदू घरंही पिढ्यान्‌पिढ्या असतात, मुलांच्या आजी-आजोबांना विचारलं तर गावोगावच्या गोष्टी निघतील. लहानांना एकच वाक्य सांगा: हा आठवणीचा दिवस आहे, म्हणून तहानलेल्यांना पाणी देतात.

ईद-ए-मिलाद हा पैगंबर मुहम्मद यांच्या जन्माचा दिवस. सगळे मुस्लिम तो साजरा करत नाहीत, हे माहीत असू द्या. इथे सगळ्यात महत्त्वाची काळजी चित्राची. पैगंबरांचं चित्र काढायचं नाही, दाखवायचं नाही, "कल्पनेने काढा" तर मुळीच नाही, बहुतेक मुस्लिमांना ते अत्यंत दुखावणारं वाटतं. आपल्याला प्रत्येक महापुरुषाचा फोटो भिंतीवर लावायची सवय असते म्हणून हात आपोआप तिकडे जातो, नेटवरच्या पीडीएफमध्येही कधीकधी असतं, वाटायच्या आधी नीट बघा. चित्र काढायचंच आहे तर चंद्र, मशिदीचे मिनार, नक्षी. भौमितिक नक्षी काढायला तर पोट्टे तासभर हलत नाहीत.

आणि नागपुरात राहून ताजबाग, म्हणजे सुफी संत बाबा ताजुद्दीन यांचा दर्गा, न सांगणं म्हणजे कमालच. बाबा ताजुद्दीन यांचा जन्म कामठीचा, १८६१ चा, वारले १९२५ ला. भोसले घराण्यातले रघुजीराजे त्यांना मानायचे, शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात घेऊन आले होते. आज ताजबागला उर्सला कोण जात नाही ते शोधावं लागेल, मुलांना विचारा, निम्म्या वर्गाने तिथला मेळा बघितलेला निघेल, घरचे कोणत्या धर्माचे आहेत याचा त्याच्याशी संबंध नाही. फक्त उर्स म्हणजे ईद नव्हे, आणि दर्ग्याला न जाणारे मुस्लिमही असतात, हे शिक्षकाच्या डोक्यात स्पष्ट असलं म्हणजे झालं.

वर्गातल्या एका मुलावर भार नको

वर्गात एकच मुस्लिम मूल असतं आणि ईद आली की मॅडम म्हणतात "चल बेटा, तू सांग सगळ्यांना." त्याला सहा वर्षं आहेत. त्याला शीरखुर्मा आणि नवे बूट माहीत आहेत, जकात नाही. सांगायचं असेल तर सांगू दे, आदल्या दिवशी एकटं विचारा, घरी विचारा, "नाही" म्हणालं तर विषय संपला. त्याने काही सांगितलं तर ते त्याच्या घरचं झालं, सगळ्या मुस्लिमांचं नाही. कोणाकडे बिर्याणी होते, कोणाकडे नाही, कोणी घरी उर्दू बोलतं, कोणी मराठी, गावाकडचे कितीतरी मुस्लिम आपल्यापेक्षा झणझणीत वऱ्हाडी बोलतात.

मुलं घरून ऐकून काहीही घेऊन येतात, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. मार्च २०२५ मध्ये, ऐन रमजानात, नागपूरच्या महाल भागात दंगा झाला, कर्फ्यू लागला, आणि दोन आठवड्यांवर पाडवा आणि ईद होती. अशा दिवसांत एखादं मूल वर्गात म्हणतं, "ते लोक दगड मारतात." तेव्हा त्याला रागावून गप्प बसवलं तर ते वाक्य मधल्या सुट्टीत मैदानात जातं. मी अशा वेळी "कोण लोक?" असं विचारते, आणि मग "ज्यांनी दगड मारले त्यांनी चूक केली, ते बघायला पोलीस आहेत, आणि आपल्या वर्गातल्या कोणीही दगड मारला नाही." बस, मग धडा पुढे. ज्याच्याकडे बघून ते वाक्य म्हटलं गेलं त्या मुलाला त्या दिवशी पुढच्या बाकावर आपल्याजवळ बसवायचं, काही न बोलता.

पालकांना आधी सांगणं फार उपयोगी. चार दिवस आधी साधा मेसेज, की या आठवड्यात आपण ईदबद्दल बोलणार, चंद्र बघणार, अमुक चित्र काढणार, प्रार्थना-बिर्थना काही नाही, पोळ्याला आणि नाताळाला जसं केलं तसंच. वर्षभराची सणांची यादी जूनमध्येच दिलेली असली तर आणखी बरं, त्यात १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे, गुरुनानक जयंती आहे, ईदही आहे, मग "आत्ताच हे काहून" असं कोणी विचारत नाही. विचारलंच तर कागद दाखवायचा.

आणि वर्गात एकही मुस्लिम मूल नसेल, नागपुरात वस्त्या अशा वाटलेल्या आहेत की अशा शाळा पुष्कळ, तर कोणाला तरी बोलवा. पण फक्त ईदलाच बोलवू नका. ऑगस्टमध्ये दातांची काळजी सांगायला एखाद्या मुस्लिम डॉक्टरबाईंना बोलवा, कामठीकडचे हातमाग माहीत असलेल्या एखाद्या चाचांना कापड कसं विणतात ते दाखवायला बोलवा, आणि मग मार्चमध्ये त्याच ओळखीच्या माणसाला ईद सांगू द्या. मुलांचे प्रश्न आदल्या दिवशीच कागदावर लिहून घ्या आणि पाहुण्यांना फोनवर वाचून दाखवा, कारण त्यात "तुम्ही रोज बिर्याणी खाता का" पासून "तुम्हाला पाकिस्तान आवडतो का" पर्यंत काहीही निघतं. बिर्याणीचा ठेवा, पाकिस्तानचा तिथेच काढून टाका, आणि तो ज्याने लिहिला त्याच्याशी डब्याच्या सुट्टीत वेगळं बोला.